जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल गळतंय? सीलआधी ब्रीदर बघा

"मागचं सील गेलं भाऊ, इंजिन खोला लागते." ट्रॅक्टरखाली काळा डाग दिसला की मिस्त्रीचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. मागचं सील म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला ऑइल अडवणारं कडं. कधी ते बरोबरही निघतं. पण वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या ट्रॅक्टरखाली किंवा जुन्या डिझेल जीपखाली ऑइल पडतं, तेव्हा त्याचं मूळ पुष्कळदा वरच असतं. टॅपेट कव्हरचा (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचा) मागचा कोपरा, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरचं रबर, अशा जागा. आणि समजा खरंच सीलमधून येत असेल, तरी ते सील आपणहून झिजलं की इंजिनाच्या आतल्या दाबानं त्याला हरवलं, हे ठरवावंच लागतं. दाब तसाच ठेवून नवं सील बसवलं तर पुढच्या उन्हाळवाहीत ते पुन्हा गळायला लागतं, आणि दोष मात्र सीलच्या कंपनीला जातो.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी कोणतं तेल आहे ते ओळखायचं, मग कुठून येतं ते शोधायचं, मग आतला दाब तपासायचा. पाना त्यानंतर.

किती गळतं?

साधारण २० थेंबांचं एक मिलीलिटर धरा. इंजिन चालू असताना मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर आठ तासांच्या कामात २४ मिली जातं. जमीन खराब होते, इंजिनाला धोका नाही. सेकंदाला एक थेंब असेल तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दीड लिटर जातं. ३५-४० एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये सगळं मिळून ६ ते ८ लिटरच ऑइल असतं, तेव्हा हा दुसरा प्रकार दुपारच्या आत गेजच्या काडीच्या खालच्या खुणेवर आणू शकतो. पहिल्या प्रकारात हंगाम उरकून घेता येतो, दुसऱ्यात ट्रॅक्टर उभा करायचा.

एक अपवाद आहे. गळती थोडी असली तरी ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडत असेल तर हंगाम उरकायची वाट बघायची नाही. मळणीच्या वेळी उडालेलं सोयाबीनचं कुटार आणि वाहतुकीच्या दिवसांत कापसाचे तंतू ऑइलला चिकटून इंजिनावर थर धरतात. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी तो थर म्हणजे वात लावून ठेवल्यासारखं आहे.

तेल कोणतं?

खाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा ठेवून रात्रभर थांबा. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे काळंच असतं, बोटावर घासलं तर डाग सोडतं. गिअर बॉक्सचं ९० नंबरचं ऑइल घट्ट, मधाळ रंगाचं आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. हायड्रोलिकचं ऑइल त्या मानानं पातळ आणि पिवळसर. डिझेल वासावरून कळतं. डिझेलची गळती सगळ्यात जास्त फसवते. पंपाच्या किंवा नोझलच्या पाइपातून डिझेलचा पातळ पापुद्रा इंजिनावर पसरतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, आणि दुरून बघणाऱ्याला सगळं इंजिन ऑइलनं माखल्यासारखं दिसतं. अशा ट्रॅक्टरचं टॅपेट पॅकिंग दोनदा बदललं तरी चिकटा कायम राहतो.

खाली डागच नाही, पण गेजवर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल जळतंय. तिथे रिंग आणि व्हॉल्व्ह गाइड बघायच्या. त्याचा आणि गळतीचा संबंध पुढे येईलच.

जागा शोधणं

मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर धुवायचं. तापलेल्या डिझेल पंपावर थंड पाण्याचा फवारा मारला तर आतले बारीक फटींचे भाग एकमेकांत जाम होऊ शकतात. एअर क्लीनरचं तोंड, डायनमो किंवा अल्टरनेटर आणि स्टार्टर यांना पन्नी गुंडाळा. गेजची काडी आणि ऑइल टाकायचं झाकण घट्ट आहे ना ते बघा. मग ब्रशनं डिझेल लावून मळ सोडवा, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि उन्हात सुकू द्या. चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) कडेला आणि बेल हाऊसिंगखाली (इंजिन आणि गिअर बॉक्समधल्या क्लचच्या घराखाली) वाळलेला चिखल जुन्या स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढा. काळ्या मातीचा तो गोळा सिमेंटासारखा बसतो आणि त्याच्या मागे काय चाललंय ते दिसू देत नाही.

सुकल्यावर संशयाच्या जोडांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरा. इंजिन दहा मिनिटं सावकाश चालवा, मग अर्धा रेस देऊन आणखी पंधरा मिनिटं. आता टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झाली ती जागा हवी आहे. जिथे जास्त ओली झाली ती नव्हे. ऑइल उताराला लागतं आणि पंखा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे ओल्या पट्ट्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा पकडायची.

गळती कधी होते यावरूनही बरंच कळतं. चेंबरातल्या ऑइलची पातळी क्रँकच्या सीलांपेक्षा खाली असते. म्हणजे सपाट जागी उभ्या ट्रॅक्टरमधून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही थेंब चालू असतील, तर क्रँक सीलचा विचार मागे ठेवा आणि चेंबरचं पॅकिंग, चेंबरची भेग आणि ड्रेन प्लग बघा. इंजिन बंद केल्यावर तासा-दोन तासांत थेंब थांबत असतील तर वरून ओघळणारं ऑइल आहे. फक्त इंजिन चालू असताना, आणि तेही सुरू केल्याकेल्या जोरात येत असेल, तर प्रेशरची बाजू: स्विच, प्रेशर मीटरचा पाइप, फिल्टर. आणि सावकाश चालताना काहीच नाही, पण नांगराला किंवा रोटावेटरला लावलं की सगळीकडून पाझरतंय, तर इंजिनात दाब साठतोय. या शेवटच्या प्रकाराकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

आतला दाब, ब्रीदर आणि एअर क्लीनर

पिस्टनच्या रिंगांपाशी थोडा गॅस खाली चेंबरात उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. जुन्या इंजिनांत ही साधी नळी असते, तिच्या तोंडाशी किंवा टॅपेट कव्हरवरच्या डबीत तारेची जाळी. ती जाळी काजळी आणि ऑइलनं बुजते, नळीच्या खालच्या टोकाला चिखल बसतो, कधी कुंभारीण माशी आत घर करते. गॅसला वाट राहत नाही आणि तो कॉर्कच्या पॅकिंगमधून, सीलच्या कडेनं, गेजच्या काडीच्या भोकातून वाट काढतो. सोबत ऑइल नेतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळती सुरू झाली असेल तर सगळी पॅकिंगं एकाच महिन्यात खराब झाली, असं मानण्याआधी ब्रीदर उघडा.

ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवा, जाळी हलवून धुवा, हवा मारून सुकवा. नळीतून तार आरपार घाला. रबरी नळी असेल तर ती आतून फुगून चिकटलेली नाही ना ते दाबून बघा, कारण बाहेरून ती धडधाकट दिसते. या कामाला पैसा लागत नाही, आणि कित्येक गळत्या एवढ्यावरच निम्म्याहून कमी होतात.

ब्रीदर मोकळा केल्यावर रिंगांची परीक्षा. इंजिन गरम करा, सावकाश चालू ठेवा आणि ऑइल टाकायचं झाकण उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. टुणटुण उडत बाजूला पडलं आणि भोकातून ठोक्या-ठोक्याला धूर आला, तर रिंग किंवा लाइनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) झिजलेत. मिस्त्री लोक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

यापेक्षा नेमकं बघायचं तर गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. यू आकारात फळीला बांधा, निम्मी पाण्यानं भरा आणि एक टोक गेजच्या काडीच्या भोकात रबराच्या बुचातून घट्ट बसवा. अर्धा रेस दिल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते खुणेनं मोजा. मग ब्रीदर पूर्ण काढून तेच परत मोजा. ब्रीदर काढल्यावर फरक एकदम उतरला तर दोष ब्रीदरचा. काढूनही पाणी तेवढंच चढत असेल तर रिंगांतून येणारा गॅसच जास्त आहे. वर्षातून एकदा हे मोजून वहीत लिहून ठेवलं तर इंजिन कुठल्या दिशेनं चाललंय ते ओव्हरहॉलच्या पुष्कळ आधी कळतं.

रिंग कशानं झिजतात? आपल्याकडे पहिलं कारण धूळ. एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या उन्हात ढेकळं फोडताना ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत चालतो. ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत खुणेपर्यंत इंजिनाचंच ऑइल हवं, आणि अशा दिवसांत वाटी रोज उघडून बघायची. तळाला गाळाचा अर्धा सेंटिमीटर थर झाला की ओतून द्यायचं, वाटी पुसायची, नवं भरायचं. खुणेच्या वर भरायचं नाही. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही धावतं. मग स्टॉप ओढूनही ते बंद होत नाही.

वाटी स्वच्छ असूनही धूळ आत जाण्याची एक चोरवाट असते: एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणारी रबरी नळी. तिच्या खालच्या अंगाला, नजर पोचत नाही तिथे भेग असते किंवा क्लॅम्प ढिला असतो. नळी काढून आत बोट फिरवा. बोटाला कोरडी बारीक माती लागली तर ती गाळणी चुकवून आलेली माती आहे. दुसरी तपासणी: इंजिन अगदी सावकाश चालू ठेवून एअर क्लीनरच्या तोंडावर क्षणभर सपाट फळी दाबा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालतच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय. ऑइल गळतीच्या लेखात एअर क्लीनरवर एवढं का, असं वाटेल. पण रिंगा खाणारी माती इथूनच जाते, आणि दोन वर्षांनी मागच्या सीलमधून जे ऑइल येतं त्याची सुरुवात या तीस-चाळीस रुपयांच्या क्लॅम्पपाशी झालेली असते.

बॅक कॉम्प्रेशन भरपूर निघालं तर सीलवर खर्च करू नका. रिंग-लाइनरचं काम होईपर्यंत ब्रीदर मोकळा ठेवा, ऑइल खुणांच्या मधोमध ठेवा आणि गेज रोज बघा.

वरून खाली

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बहुतेक जुन्या इंजिनांत कॉर्कचं. ते गळतं म्हणून लोक नट आवळतात, आणि इथेच बिघडतं. कव्हर पत्र्याचं असलं की नटाजवळ कड दबते, दोन नटांच्या मध्ये ती वर उचलते आणि फट वाढते. कॉर्क चुरगळून बाहेर येतं ते वेगळंच. कव्हर काढल्यावर त्याची कड सरळ लोखंडी पट्टीवर ठेवून बघा आणि दबलेल्या जागा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करा. जुनं पॅकिंग खरवडा, दोन्ही कडा पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसून कोरड्या करा. नवं पॅकिंग शेलॅक लावून फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवा, सपाट जागी वजन ठेवून रात्रभर सोडा. हेडच्या बाजूला ग्रीसचा हात पुरे, म्हणजे टॅपेट सेट करताना पुढच्या वेळी पॅकिंग फाटणार नाही. नट असे आवळा की कॉर्क साधारण एक तृतीयांश दबेल. टॉर्क पाना असेल तर ६ मिमीच्या बोल्टला ५ ते ७ न्यूटन-मीटर पुष्कळ झालं. इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की परत एकदा हात फिरवा. कव्हरच्या नटाखालचं रबरी किंवा तांब्याचं वायसर विसरू नका, स्टडच्या आट्यांतूनही ऑइल चढून बाहेर येतं.

दुकानात खिळ्याला वर्षानुवर्षं टांगलेलं कॉर्क वाळून आखडतं, भोकं जुळत नाहीत. ओढून ताणून बसवलं तर तुटतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवलं की ते मापात येतं, मग पुसून वापरा.

पुशरॉडच्या बाजूला ब्लॉकवर झाकण असणारी इंजिनं पुष्कळ आहेत. ते झाकण डिझेल पंपाच्या किंवा मॅनिफोल्डच्या मागे दडतं, म्हणून त्याचं पॅकिंग कुणी बदलत नाही. आरसा तिथे न्या.

ऑइल प्रेशरचा स्विच छोटा आहे, पण आपला दोष मागच्या सीलवर सगळ्यात जास्त वेळा हाच ढकलतो. त्याच्या धातूच्या अंगातून प्लास्टिक जिथे बाहेर येतं तिथून ऑइल पाझरतं, ब्लॉकवरून मागे ओघळतं आणि बेल हाऊसिंगवर जमतं. वायरची टोपी काढा, आत ऑइल दिसलं तर स्विच बदला. नवा घेताना जुना सोबत न्या, कारण आटे दिसायला सारखे आणि मापाला वेगळे असतात. बळजबरीनं फिरवला तर ब्लॉकचे आटे जातात. टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे पुरे. जास्त गुंडाळली तर स्विचला बॉडीची अर्थिंग मिळत नाही आणि दिवाच लागत नाही.

मीटरला जाणारा तांब्याचा पाइप असेल तर त्याची टोकं बघा. कंपनानं तांबं कडक होतं आणि नटाच्या जवळ चिरतं. तो पाइप तुटला तर पूर्ण दाबानं ऑइल बाहेर फेकलं जातं, काही मिनिटांत चेंबर रिकामा. पाइपाला मध्ये एक-दोन गोल वेढे दिले तर कंपन वेढ्यात जिरतं.

फिल्टरबद्दल थोडक्यात. वाटीवाल्या फिल्टरात वरच्या खाचेतलं जुनं रबर तिथेच चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसवलं जातं. दोन रबरं एकावर एक कधीच धरत नाहीत. दाभणानं जुनं काढा, खाच पुसा. नव्या फिल्टरसोबत दोन-तीन मापांची रबरं येतात, जुन्याशी जुळवून एकच घाला. स्क्रूचा फिल्टर असेल तर रबराला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे हातानंच पाऊण वेढा.

पुढचं सील

पुलीमागून येणारं ऑइल बेल्टवर उडतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं अख्ख्या इंजिनभर जातं. पुली काढल्यावर सील बघण्याआधी पुलीचा दांडा बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून सीलनं तिथे खाच पाडलेली असते. नख अडकलं तर नुसतं नवं सील टिकणार नाही. तीन उपाय आहेत. सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून कड कोऱ्या जागेवर आणायची, कव्हरात तेवढी जागा असेल तरच. किंवा दांड्यावर बारीक स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह चढवायची. ती पाव मिलिमीटरहून किंचित जाड असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. किंवा लेथवाल्याकडून दांडा घासून जाड बुश चढवून मूळ मापाला आणायचा.

सीलवर माप कोरलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. साधं काळं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, व्हिटॉन २०० च्या आसपास. आपल्या उन्हाळ्यात, कुटारानं रेडिएटर बुजलेल्या इंजिनात नायट्राइल लवकर कडक होतं. व्हिटॉन मिळत असेल तर तेच घ्या. रंगावरून मात्र ओळखू नका, दुकानदाराकडून पाकिटावरचं नाव वाचून घ्या. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. कडेला ग्रीस लावा, कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं. पुलीच्या चावीच्या खाचेची धार सीलची कड कापते, म्हणून आत सरकवताना दांड्याला पाण्याच्या पाउचचं पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि नंतर ओढून काढा. टायमिंग कव्हर उतरवलं असेल तर बोल्ट ढिले ठेवून आधी पुली घाला, सील मध्यावर येऊ द्या आणि मग बोल्ट आवळा. नाहीतर सील एका बाजूनं दबून राहतं.

चेंबर

जीपच्या पत्र्याच्या चेंबरला टॅपेट कव्हरचेच नियम. ट्रॅक्टरचं वेगळं. पुष्कळ ट्रॅक्टरांत चेंबर बिडाचा असतो आणि पुढच्या एक्सलचं वजनही तो पेलतो. आधार न देता बोल्ट काढले तर ट्रॅक्टर बसतो, माणसावरही.

ट्यूबचं रबर कापून केलेलं पॅकिंग खेड्यात अजून दिसतं. ट्यूबचं ब्यूटाइल रबर पाण्याला आणि हवेला चांगलं, ऑइलला अजिबात नाही. फुगतं, मऊ होतं, शेवटी लगदा होऊन ऑइलच्या गाळणीत जातं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग फीड पंपाखाली (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाखाली) चार दिवस चालतं, पण पॅकिंगचा अर्ध्या मिलिमीटरचा कागद तालुक्याला सहज मिळतो. तो भागावर धरून कडेनं गोल तोंडाच्या हातोडीनं ठोकत गेलं की आकार आपोआप कापला जातो.

सिलिकॉनच्या ट्यूबवर लोकांचा फार विश्वास. ते चांगलं आहे, पण थोडंच. दोन-तीन मिलिमीटरची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. दोन्ही कडा थिनरनं अगदी कोरड्या हव्यात, ऑइलच्या पातळ थरावर सिलिकॉन धरत नाही. बोल्ट बोटानं टेकवा, थोडं बसू द्या, मग आवळा. ऑइल दुसऱ्या दिवशी भरा. जाड थर दिला तर जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आत लोंबतं, तुटून गाळणीवर बसतं आणि बेअरिंगचं ऑइल अडवतं. गळती थांबलेली आणि क्रँक खलास, असा हा सौदा.

ड्रेन प्लगचं तांब्याचं वायसर दर वेळी नवं घालावं. नसेल तर जुनं गॅसवर लाल करून पाण्यात टाका. तांबं यानं मऊ होतं, परत दबून जागा धरतं.

गेजवर ऑइल वाढलं तर

ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं, वाढलं की लोक खूश होतात. फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर डिझेल चेंबरात उतरतं. टायमिंग गिअरवर चालणाऱ्या हायड्रोलिक पंपाचं सील गेलं तर ते ऑइल इंजिनात येतं. रेडिएटरचं पाणी उतरलं तर ऑइल दुधाळ होतं. डिझेलनं पातळ झालेलं ऑइल कालपर्यंत कोरड्या असलेल्या प्रत्येक जोडातून पाझरतं आणि बेअरिंगही खातं. गेजची काडी कागदावर टेकवा. ऑइलच्या डागाभोवती पातळ, पसरट कडं पडलं आणि डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरूच करू नका. पंप दुरुस्त करा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. गळतं म्हणून घट्ट ऑइल टाकण्याची सवयही सोडा. पुस्तकात दिलेलं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० आपल्या उन्हाळ्यालाही चालतं.

मागचं सील, खरंच असेल तर

बेल हाऊसिंगच्या तळाला छोटं भोक आणि त्यात स्प्लिट पिन असते. तिथून काळं ऑइल थेंबतंय, वरचा सगळा भाग पावडरीच्या परीक्षेत कोरडा निघालाय, ब्रीदर मोकळा आहे आणि बॅक कॉम्प्रेशन नाही, तेव्हाच मागचं सील. तिथून ९० नंबरचं ऑइल आलं तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आहे.

ट्रॅक्टर मधोमध वेगळा करायचा म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. पोळ्याच्या आसपास, पेरणी-डवरणी उरकून सोयाबीन सोंगायला वेळ असतो तेव्हा करावं. पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नाहीतर सुटलेला पुढचा भाग एका अंगाला कलंडतो. उघडण्याआधीच दुसऱ्याला क्लच दाबायला लावून पुढची पुली बघा. पुली पुढे-मागे डोळ्यांना दिसेल एवढी सरकत असेल तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वायसर गेलेत. मेन बेअरिंग ढिले असतील तरी तसंच: क्रँक हलती असताना कोणतंही सील टिकत नाही.

पर्किन्स कंपनीच्या परवान्यानं बनलेल्या १५२ घनइंची तीन सिलिंडर इंजिनांच्या जुन्या पिढीत मागे रबरी सील नसून दोरीचं सील असतं, दोन अर्ध्या हाऊसिंगमध्ये बसवलेलं. दोरी खाचेत आधी दोन्ही टोकांशी दाबायची, मग मधला भाग गुळगुळीत गोल दांड्यानं घोळवत बसवायचा. टोकं हाऊसिंगच्या कडेपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर बाहेर राहायला हवीत. सपाट कापली तर जोडापाशी गळतं, जास्त ठेवली तर हाऊसिंग मिटत नाही. आतल्या पृष्ठाला ग्रॅफाइट ग्रीस लावा, बोल्ट थोडे-थोडे करून आवळा आणि क्रँक हातानं फिरवून बघा. सुरुवातीला जड फिरेल, अडकायला नको.

उघडलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील आणि कॅमच्या मागची पत्र्याची टिकली एकदमच आणून ठेवा. ऑइलमध्ये भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुवून परत टाकू नका, तापली की अस्तरात मुरलेलं ऑइल वर येतं आणि ओझ्याला प्लेट घसरते. जोडताना बेल हाऊसिंगच्या भोकात नवी स्प्लिट पिन घाला आणि ती हलती राहील एवढी ढिली ठेवा, तिच्या हलण्यानं भोक मोकळं राहतं. एमसील लावून ते भोक बुजवलं तर जमिनीवर थेंब पडत नाही खरा, पण ऑइल आत साचून नव्या क्लच प्लेटपर्यंत चढतं.